फिरता खटका: रोटरी स्विच उघडायचा, निवडायचा आणि जोडायचा कसा

होळी झाली की आमच्या दुकानापुढे कूलरांची रांग लागते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एसटी स्टँडमागची गल्ली, मोटार रिवाइंडिंग आणि पॅनेलचं काम. दरवर्षी आयटीआयमधून वायरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन ट्रेड करून दोन-तीन पोरं हाताखाली येतात. डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटार थेट लाईनवर सुरू करणारा, ती न अडखळता जोडतात. पण गोल फिरणारा स्विच समोर आला की त्यांचा हात थबकतो. मागे बारा नाहीतर सोळा स्क्रू, त्यांच्यावर नुसते आकडे, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. मग जुन्या स्विचवरच्या वायरी जशा होत्या तशा नव्यावर चढवतात. नवा वेगळ्या रचनेचा निघाला की फ्यूज उडतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांनी नुकताच टेस्टर हातात घेतला आहे अशा सगळ्यांसाठी. वाचताना एक गोष्ट धरून चला. रोटरी स्विचची परीक्षा नॉब एका आकड्यावरून दुसऱ्यावर जात असताना होते. नॉब जागेवर बसला की साधासुधा स्विचही काम करतो. मधल्या त्या अर्ध्या सेकंदात काय होतं, हे ज्याला कळलं त्याला स्विच निवडता येतो.

पहिली पायरी: एक जुना स्विच उघडून बघा

पुस्तकातलं चित्र नंतर बघा. भंगारातून एक कॅम स्विच घ्या, म्हणजे मोटारीच्या कामाचा, थरांचा रोटरी स्विच. जुन्या पंप पॅनेलमधला चालेल, गिरणीतला चालेल. उघडताना खाली जुनं ताट ठेवा, कारण आतल्या स्प्रिंगा उडतात आणि मातीच्या जमिनीवर पुन्हा सापडत नाहीत.

नॉब काढला की खाली आकड्यांची पट्टी, आणि तिच्यामागे टप्पा धरणारा भाग. दात्यांचं एक चाक आणि त्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेले छोटे रोलर. नॉब फिरवताना ‘टक्’ असा जो आवाज येतो तो रोलर दात्याच्या खळग्यात पडल्याचा. हा आवाज वीज जोडत नाही, तो फक्त शाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, जागेवर धरतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आत्ताच डोक्यात पक्कं करा, कारण टप्पा छान वाजणारा आणि कॉन्टॅक्ट जळालेला स्विच तुम्हाला पुढे शंभर वेळा भेटेल.

त्यामागे एकावर एक रचलेले थर. सगळ्या थरांतून एकच चौकोनी शाफ्ट जातो आणि प्रत्येक थरात त्यावर प्लास्टिकची एक चकती बसवलेली असते. तिची कड सरळ गोल नसते. कुठे उंच, कुठे खाच. हाच कॅम. कडेला टेकून एक दट्ट्या असतो, दट्ट्यावर पितळेचा छोटा पूल, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना चांदीच्या मिश्रधातूचे ठिपके. पूल खाली बसला की दोन स्थिर टोकं जोडली जातात. उचलला की वीज एकाच वेळी दोन ठिकाणी तुटते, म्हणजे ठिणगीही दोन तुकड्यांत वाटली जाते आणि लवकर विझते.

आता नीट बघा: दट्ट्या खाचेत उतरतो तेव्हा स्प्रिंग कॉन्टॅक्ट जुळवते, आणि कॅमचा उंच भाग तो उचलून सोडवतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. पण यात फार मोठी सोय आहे. मोटारीच्या सुरुवातीच्या करंटने ठिपके थोडेसे चिकटले, तर कमजोर स्प्रिंग त्यांना सोडवू शकणार नाही. इथे सोडवायचं काम तुमच्या मनगटाचं आहे, आणि कॅम ती ताकद थेट पुलापर्यंत नेतो. मला या छोट्या वस्तूतली सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच.

कूलरचा स्विचही एकदा उघडा. त्यात असे थर नसतात. एका प्लास्टिकच्या डबीत फिरणारा तुकडा आणि भोवती चार-पाच पत्र्या, एवढंच. जुन्या रेडिओचा बँड बदलायचा स्विच मिळाला तर तोही ठेवा. त्यात पॅक्सोलिनच्या (वीज न वाहणाऱ्या, पुठ्ठ्यासारख्या) पातळ चकत्यांवर बारीक पत्र्या गोलाकार रिवेट केलेल्या असतात. तिन्हींचं तत्त्व सारखं, ताकद वेगवेगळी.

दुसरी पायरी: आधी काम कागदावर मांडा

इथे आपल्या भाषेत एक घोटाळा आहे. आपण ‘मोटार बंद’ म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. पण सर्किट ‘बंद’ म्हणजे क्लोज्ड, म्हणजे वीज वाहते! एका पोराने मला विचारलं होतं, "भाऊ, कॉन्टॅक्ट बंद हाय म्हंता, मंग बल्ब काऊन लागला?" त्याचा प्रश्न बरोबर होता. तेव्हापासून दुकानात मी दोनच शब्द ठेवले आहेत: कॉन्टॅक्ट जुळलेला आणि कॉन्टॅक्ट सुटलेला. इथेही तेच वापरतो.

समजा, घराला एक मेन लाईन आहे आणि लोडशेडिंगसाठी छोटा सिंगल फेज जनरेटर. स्विचच्या तीन जागा लागतील: मेन, ०, जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलायचे, म्हणून चार कॉन्टॅक्ट. तक्ता असा होतो:

कॉन्टॅक्ट १–२ (मेनचा फेज): फक्त ‘मेन’वर जुळलेला.
कॉन्टॅक्ट ३–४ (जनरेटरचा फेज): फक्त ‘जनरेटर’वर जुळलेला.
कॉन्टॅक्ट ५–६ (मेनचा न्यूट्रल): फक्त ‘मेन’वर जुळलेला.
कॉन्टॅक्ट ७–८ (जनरेटरचा न्यूट्रल): फक्त ‘जनरेटर’वर जुळलेला.
‘०’ वर चारही सुटलेले.

कंपनीच्या कागदावर हाच तक्ता चौकटीत येतो. एका बाजूला कॉन्टॅक्टचे आकडे, दुसऱ्या बाजूला जागा, आणि जिथे कॉन्टॅक्ट जुळतो तिथे फुली. नवा स्विच घेताना हा कागद मागून घ्या. बाहेरून सारखे दिसणारे दोन स्विच आतून अगदी वेगळे असू शकतात, कारण त्यांच्या आतल्या कॅमच्या खाचा वेगळ्या असतात. जुन्याच्या वायरी नव्यावर जशाच्या तशा चढवल्या की फ्यूज का उडतो, ते इथे कळतं.

तिसरी पायरी: जागा आणि अंश

पूर्ण फेरा ३६० अंशांचा. टप्पा ३० अंशांचा असेल तर बारा जागा, ४५ चा असेल तर आठ, ६० चा असेल तर सहा, ९० चा असेल तर चार. पोल म्हणजे एकाच नॉबने बदलणारी एक स्वतंत्र वायर. रेडिओसारख्या चकतीच्या स्विचमध्ये पोल त्या बारा जागा वाटून घेतात: एक पोल बारा जागा, दोन पोल सहा, तीन पोल चार, चार पोल तीन. कॅम स्विचमध्ये ही अडचण नाही. पोल वाढवायचे तर थर वाढवा, शाफ्ट लांब करा.

शेतावरच्या कामासाठी जागा कमी आणि अंश जास्त ठेवा, हे माझं ठाम मत आहे. रात्री दोनला लाईन येते, शेतकरी हातात टॉर्च घेऊन वावरात जातो, हात ओले असतात. अशा वेळी ३० अंशांचा फरक बोटांना कळत नाही. ६० किंवा ९० चा टप्पा अंधारातही हाताला समजतो. शेवटच्या जागेपुढे अडकण हवीच, नाहीतर नॉब गोल गोल फिरत राहतो आणि कुठे थांबलाय ते कोणालाच सांगता येत नाही.

चौथी पायरी: दोन जागांच्या मधे

आता मुख्य गोष्ट. नॉब एका जागेवरून शेजारच्या जागेवर जाताना दोनच शक्यता असतात. आधीचा कॉन्टॅक्ट सुटतो आणि मग पुढचा जुळतो, किंवा पुढचा जुळतो आणि मग आधीचा सुटतो. पहिल्या प्रकाराला ‘ब्रेक बिफोर मेक’ म्हणतात, दुसऱ्याला ‘मेक बिफोर ब्रेक’. आमच्याकडे पोरं ‘तोडून जोड’ आणि ‘जोडून तोड’ म्हणतात. मला हे शब्द जास्त चांगले वाटतात.

पुठ्ठ्यावर करून बघितलं की हे कायमचं लक्षात राहतं. कंपासने दोन सारख्या चकत्या कापा. समजा, टप्पा ६० अंशांचा. पहिल्या चकतीला ० अंशावर मधोमध धरून दोन्ही बाजूंना २५ अंशांची खाच द्या. दुसरीला ६० अंशांवर तशीच. एकाच टाचणीवर दोन्ही बसवून फिरवा. पहिली खाच २५ वर संपते, दुसरी ३५ वर सुरू होते, मधे १० अंश दोन्ही दट्ट्ये उचललेले. हे ‘तोडून जोड’. आता खाचा दोन्ही बाजूंना ३५ अंशांच्या करा. पहिली ३५ वर संपते, पण दुसरी २५ वरच सुरू झाली. मधे १० अंश दोन्ही जुळलेले. हे ‘जोडून तोड’. खाचेच्या प्रत्येक बाजूला १० अंशांचा फरक, आणि स्विचचा स्वभावच बदलला.

आता हे कुठे काय लागतं ते बघू.

मेन आणि जनरेटरच्या चेंजओव्हरला ‘तोडून जोड’ शिवाय दुसरं काही चालत नाही. मधे ‘०’ ची जागाही हवी. वरच्याच हिशेबाने २५ अंशांच्या खाचा धरल्या तर मेन आणि जनरेटर यांच्यात १२० अंश येतात आणि त्यातले ७० अंश पूर्ण कोरडे राहतात. एवढं अंतर कशासाठी? दोन्ही क्षणभर जरी जुळले तर जनरेटर जळेलच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याची वीज उलटी लाईनवर जाईल. डीपीचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. खालून २३० व्होल्ट चढले तर वरच्या ११ हजारांच्या तारेवर जीव घेण्याइतका दाब येतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाईनमन कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असतो. म्हणून दोन टोकांचा प्लग करून जनरेटर सॉकेटमध्ये खुपसणं, किंवा दोन साधे एमसीबी लावून ‘एक पाडला की दुसरा उचलायचा’ असं तोंडी ठरवणं, मी कोणालाही करून देत नाही. मागणारा नातेवाईक असला तरी नाही.

मोटार आधी स्टार जोडणीत कमी करंटने उठवून मग डेल्टा जोडणीत नेणाऱ्या, हाताने फिरवायच्या स्टार-डेल्टा स्विचलाही ‘तोडून जोड’च लागते. स्टारमध्ये मोटारीची तीन टोकं एकत्र बांधलेली असतात. ती सुटायच्या आत डेल्टा जुळला तर तिन्ही फेज एकमेकांवर येतात.

कूलरच्या पंख्यात मोटारीच्या वाइंडिंगला मधेमधे टॅप, म्हणजे बाहेर आणलेली टोकं, काढलेले असतात आणि स्विच फेज एकेका टॅपवर नेतो. दोन टॅप एकाच वेळी जुळले की मधले वेटोळे शॉर्ट होतात आणि तापतात. म्हणून इथेही आधी तोडणं. मधे क्षणभर वीज जाते, पण पातं आपल्या वेगात फिरत राहतं, कळतही नाही.

मग ‘जोडून तोड’ कुठे? जिनिंगच्या किंवा ऑइल मिलच्या मोठ्या पॅनेलवर एकच अँमीटर असतो आणि आर, वाय, बी या तिन्ही फेजचा करंट तो स्विच फिरवून दाखवतो. मागे सीटी असतात, करंट ट्रान्सफॉर्मर, जे मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देतात. सीटीमधून करंट चालू असताना त्याची दुय्यम बाजू उघडी पडली की तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं, सीटी खराब होतो, माणसाला झटका बसतो. त्यामुळे अँमीटरचा सिलेक्टर स्विच सीटीला कधीच उघडा सोडत नाही. आधी शॉर्ट करतो, मग मीटर हलवतो. त्याच पॅनेलवर शेजारी अगदी तसाच दिसणारा व्होल्टमीटर सिलेक्टर असतो, आरवाय, वायबी, बीआर लिहिलेला. त्याला ‘तोडून जोड’ हवी, नाहीतर मागे दोन फेज भिडतात. दोघांची अदलाबदल झाली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. खोक्यावरचं नाव वाचल्याशिवाय यातला एकही स्विच उचलू नका.

पाचवी पायरी: किती अँपिअरचा?

स्विचवर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा नुसता करंट वाहून न्यायचा असतो. चालू मोटार तोडायची ताकद वेगळी, आणि ती त्याच पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेली असते. तिथे एसी-२१, एसी-२३, एसी-३ अशा खुणा शोधा. एसी-२१ म्हणजे हीटरसारखा साधा भार. एसी-२३ म्हणजे मोटारीसारखा भार अधूनमधून चालू-बंद करणं. एसी-३ म्हणजे आपल्या नेहमीच्या इंडक्शन मोटारी रोजच्या रोज सुरू करणं आणि चालत्या बंद करणं. एकाच स्विचचा एसी-२१ चा आकडा मोठा असतो आणि एसी-३ चा त्याहून बराच लहान.

आपल्या ५ एचपीच्या थ्री फेज पंपाचा हिशेब करू. ४१५ व्होल्टवर १ एचपीला साधारण दीड अँपिअर, म्हणजे साडेसात अँपिअर. पण डायरेक्ट सुरू करताना मोटार क्षणभर पाच-सहा पट ओढते, म्हणजे ४० च्या आसपास. शिवाय आपल्याकडे फीडरच्या शेवटच्या डीपीवर व्होल्टेज पडलेलं असतं. मोटार उठायला वेळ लागतो, करंट जास्त वेळ तसाच राहतो. त्यामुळे नुसतं ‘१६ अँपिअर’ वाचून स्विच घेऊ नका. एसी-३ पुढे ४१५ व्होल्टला किती किलोवॅट लिहिलंय ते बघा. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, तेवढं तरी हवंच. आणि पंपाला स्टार्टर आधीच असेल, तर मोटार सुरू-बंद करायचं काम स्टार्टरलाच करू द्या. रोटरी स्विच त्याच्या आधी फक्त लाईन वेगळी करायला ठेवा.

आता आपल्या उन्हाचं. ज्या आयईसी ६०९४७ मानकावर हे स्विच बनतात, त्यात सभोवतालची हवा जास्तीत जास्त ४० अंश आणि २४ तासांची सरासरी ३५ अंश धरलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. विहिरीवर उन्हात लटकवलेल्या पत्र्याच्या पेटीला दुपारी हात लागत नाही, मग आतली हवा किती असेल? म्हणून पेटीला वरून पत्र्याची दुसरी छपरी द्या, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला करा, आणि स्विच एक माप मोठा घ्या. जास्तीचे चारशे-पाचशे रुपये शेतकऱ्याला जड जातात हे मला माहीत आहे. तरी हंगामात पेटी जळून आठ दिवस पाणी बंद पडलं तर तूर आणि संत्रा त्याची किंमत वसूल करतात.

सहावी पायरी: सोलरवाले इथे थांबा

२०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे गावोगावी पॅनेल उभे राहिले. त्याआधी केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेचे सौर पंप होतेच. आता दुरुस्तीला पोरं त्या पेट्याही उघडतात. पॅनेलकडून येणारी वीज डीसी असते, आणि बरीच पॅनेल सिरीजमध्ये असल्यामुळे दाब कित्येकशे व्होल्ट.

आपल्या एसी लाईनचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. कॉन्टॅक्ट सुटताना आर्क, म्हणजे सलग ठिणगी, पेटला तरी पुढच्या शून्यावर तो विझायची संधी असते. डीसीला शून्यच नाही. पूल हळू उचलला तर आर्क ताणला जातो, पेटत राहतो, प्लास्टिक वितळवतो. म्हणून डीसीचे रोटरी आयसोलेटर, म्हणजे लाईन वेगळी करणारे स्विच, वेगळे बनवतात. नॉब फिरवताना आधी आत एक स्प्रिंग ताणली जाते, आणि ठराविक बिंदूनंतर तीच झटक्यात कॉन्टॅक्ट सोडवते. तुमचा हात कितीही हळू चालला तरी कॉन्टॅक्टचा वेग तोच. शिवाय दोन-तीन पोल एकामागे एक सिरीजमध्ये घेऊन आर्कचे तुकडे करतात. एसीचा स्विच, कितीही मोठा असला, तरी तिथे लावू नका. जिथे डीसी आयसोलेटर होता तिथे डीसीचाच, तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा आणला पाहिजे. आणि ऊन असेपर्यंत पॅनेलकडची टोकं जिवंतच असतात, ती कुठल्याही मेन स्विचने मरत नाहीत.

सातवी पायरी: बसवणं आणि जोडणं

काम सुरू करायच्या आधी मेन पाडा, किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि टेस्टरने पाचही जागा तपासा: तिन्ही फेज, न्यूट्रल आणि पेटीचा पत्रा. जनरेटरची जोडणी परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखालीच करा. शिकाऊ असताना एकट्याने नको.

पेटीच्या दाराला भोक पाडताना मोजून पाडा. छोट्या सिलेक्टर स्विचला बहुतेक २२.५ मिमीचं एकच भोक लागतं, मोठ्या कॅम स्विचला मधलं एक आणि भोवती स्क्रूची. दारामागे थरांची लांबी आणि वायर वळायला जागा मिळते का, तेही आधी बघा. पोरं इथे नेहमी चुकतात, दार लागतच नाही. पुढच्या बाजूला आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा, स्विच आणि रबरी वॉशर घ्या. जिनिंगच्या जवळ रुईचा फुफाटा, गिरणीत पिठाची धूळ, विहिरीवर मुंग्या आणि पाली. आत शिरणारं प्रत्येक भोक ग्लँडने, म्हणजे वायरभोवती आवळायच्या बुचाने, बंद करा.

आता चेंजओव्हर. मेनचा फेज १ वर, जनरेटरचा फेज ३ वर. मेनचा न्यूट्रल ५ वर, जनरेटरचा न्यूट्रल ७ वर. २ आणि ४ यांच्यात लिंक, म्हणजे जोडपट्टी, मारा, तिथून घराचा फेज. ६ आणि ८ यांच्यात लिंक, तिथून घराचा न्यूट्रल. अर्थिंगची हिरवी वायर स्विचमधून जात नाही, ती पेटीला आणि पुढे सरळ. लिंक फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला आहेत ना, हे दोनदा बघा. १ आणि ३ चुकून जोडले तर स्विच असून नसल्यासारखा.

तांब्याच्या बारीक तारांच्या वायरला लग किंवा पिन, म्हणजे टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबून मगच स्क्रूखाली द्या. सोल्डर भरून स्क्रूखाली देऊ नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतो आणि स्क्रू सैल पडतो. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची असेल तर ती थेट स्विचमध्ये नको. ॲल्युमिनियमवर हवेने पापुद्रा धरतो, तेही दाबाखाली सरकतं, आणि तापतं. योग्य लगने किंवा कनेक्टरने तांब्यावर या आणि मग स्विचमध्ये. मी आजवर उघडलेल्या जळक्या स्विचांत, ठिपके शाबूत आणि स्क्रूजवळचं प्लास्टिक काळं, असेच जास्त निघाले.

शेवटी नॉब. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चूक माझ्या हातून झालेली आहे. एका गिरणीचा ०-१ स्विच मी धुळीसाठी उघडला, साफ केला, बसवला. शाफ्ट चौकोनी, टप्पा ९० अंशांचा. चौकोनी शाफ्टवर नॉब चार प्रकारे बसतो, आणि मी तो एक घर फिरवून बसवला. खूण शून्यावर, आत कॉन्टॅक्ट जुळलेले. त्या वेळी लाईन नव्हती, म्हणून मोटार फिरली नाही आणि मला कळलं नाही. गिरणीवाल्या काकांनी ‘शून्यावर हाय’ म्हणून पट्टा सारखा करायला हात घातला, हात बाहेर काढला, आणि लाईन आली. मधे किती वेळ गेला ते मला मोजता येणार नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या दिवसापासून नॉब बसवल्यावर मीटर लावल्याशिवाय मी पेटी बंद करत नाही, आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

आठवी पायरी: तपासणी

वीज देण्याआधी मीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दुसऱ्या पायरीतला तक्ता समोर घ्या. तीन जागा, चार कॉन्टॅक्ट, बारा उत्तरं. प्रत्येक उत्तर कागदाशी जुळलं पाहिजे. मग १ आणि ३ यांच्यात तिन्ही जागांवर बघा, ५ आणि ७ यांच्यातही. मीटर कुठेच वाजायला नको.

त्यानंतर मधल्या प्रवासाची चाचणी. त्याला महागडं काही लागत नाही: टॉर्चचे दोन सेल आणि टॉर्चचे दोन छोटे बल्ब. एक बल्ब १–२ मधून, दुसरा ३–४ मधून जोडा, लिंक काढलेली असू द्या. नॉब अगदी सावकाश फिरवा, टप्प्याच्या विरुद्ध बोटाने धरून. पहिला विझला, मग काही काळ अंधार, मग दुसरा पेटला, तर ठीक. दोन्ही क्षणभर एकत्र दिसले तर तो स्विच चेंजओव्हरला लावायचा नाही. अँमीटर सिलेक्टरची हीच चाचणी उलटी: तिथे अंधार दिसला की नापास. दुकानात नव्या आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात मी हीच करायला लावतो. बल्ब पेटताना बघितला की पुठ्ठ्यावरचे दहा अंश त्याला खरे वाटायला लागतात.

लिंक परत मारा, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, फेज-अर्थ इन्सुलेशन बघा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर वीज देऊ नका, ओल शोधा.

कूलरच्या स्विचबद्दल दोन शब्द वेगळे. प्लास्टिकचा नॉब तुटला की लोक शाफ्ट पकडीने फिरवतात. शाफ्ट धातूचा, बाजूला पाणी, पाय ओल्या फरशीवर, आणि टाकी पत्र्याची. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरंही जातात. नॉब वीस-तीस रुपयांचा आहे, तो त्याच दिवशी बदला. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग द्या, आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईन पाडणारा स्विच, बसवायला लोकांना पटवा. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसता नॉब ‘०’ वर नेणं पुरेसं नाही. कूलरच्या स्विचमध्ये बहुतेक वेळा फक्त फेज तुटतो, आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तोही तुटत नाही.

स्विच घट्ट फिरायला लागला म्हणून आत खोबरेल तेल किंवा ग्रीस घालू नका. ते धूळ धरतं आणि ठिणगीत जळून कोळसा होतो. कॉन्टॅक्ट काळे दिसले म्हणून पॉलिश पेपरही नको, चांदीचा थर निघून जातो. थोडा काळपटपणा चालतो, कारण पूल बसताना ठिपके एकमेकांवर किंचित घासतात आणि स्वतःला साफ ठेवतात. ठिपक्यांत खड्डे पडले असतील किंवा खालचं पितळ दिसत असेल तर स्विच बदलायचा.

वर्षातून दोनदा पेटी उघडा: मृगाच्या आधी एकदा, आणि दिवाळीनंतर रब्बीचं पाणी सुरू व्हायच्या आधी एकदा. लाईन काढून सगळे स्क्रू आवळा, मुंग्यांची माती झाडा, वॉशर बघा. आणि दुसऱ्या पायरीत केलेला तो तक्ता जाड कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पेटीच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर स्विचची तारीख आणि माप टाका. पाच वर्षांनी ती पेटी दुसरंच कोणीतरी पोरगं उघडणार आहे, बहुतेक रात्रीच्या वेळी, टॉर्च दातात धरून.